तुम्ही विचारलंत म्हणून : पद्मिनी घाटातून खाली कशी आणता?

पाचगणीच्या बाजारात गाडी लावली की पाच मिनिटांत कोणीतरी जवळ येतंच. आधी बॉनेटवरून हात फिरवतात, मग "आमच्याकडेपण होती हो" म्हणतात, आणि शेवटी तोच प्रश्न : "ताई, एवढी जुनी गाडी घेऊन पसरणीचा घाट उतरता, भीती नाही वाटत?" लग्नकार्यात विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात. परवा ओळखीतल्या एका मुलाने फोन करून विचारलं. त्याच्या आजोबांची फियाट अकरा वर्षं गोठ्यात उभी आहे आणि यंदा गणपतीला ती बाहेर काढायचं त्याच्या मनात आहे. रस्त्यात उभं राहून या प्रश्नाचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून बैठक मारून लिहिते आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली. आधी हीच गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून विकली जायची, पुढे पद्मिनी झाली. आमच्या घरात मात्र ती आजही फियाटच आहे. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगला लागून गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून लायनर घासतात आणि गाडी थांबते. बाबांनी ती जुनीच घेतली होती. ते गेल्यावर मी ठेवली.

घाट चढायची भीती मला कधीच वाटली नाही. चढताना फार तर गाडी तापेल, बंद पडेल, तासभर सावलीला बसावं लागेल. उतरायची मात्र वाटते, आणि ती २०१४ च्या मे महिन्यापासून वाटते.

त्या दिवशी आई आणि मावशी मागे बसल्या होत्या, डिकीत सामान होतं. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमधून गाडी सर्व्हिसिंग होऊन आली होती. ब्रेक ऑइल फुल आहे, असं तिथे सांगितलं होतं आणि ते खरंच होतं, डबी काठोकाठ भरलेली होती. पाचगणीहून वाईकडे निघालो. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि प्रत्येक वळणावर ब्रेक मारत होते, जसं आजकालच्या गाडीत आपण सहज करतो. अर्ध्याहून अधिक घाट उतरल्यावर एका वळणाआधी पॅडल दाबलं तर ते मऊ लागलं. म्हणजे कणकेच्या गोळ्यात पाय रुतावा तसं. पुढच्या वळणाला पॅडल सरळ तळाला टेकलं आणि गाडीचा वेग तेवढाच राहिला.

मी पॅडल दोन-तीनदा भराभर मारलं, थोडी पकड आली. दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, गाडी जरा आवरली. मग हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढत गेले आणि खडीचा ढीग पडला होता तिथल्या रुंद जागेत गाडी घातली. उतरून दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले. लायनर जळाल्याचा वास येत होता. मावशी काही न बोलता पदराने वारा घेत बसली होती.

आणि अर्ध्या तासाने पॅडल जिथल्या तिथे परत आलं. अगदी पहिल्यासारखं, कडक. ही गोष्ट मला अजून सगळ्यात घातक वाटते. वाईत पोचल्यावर ज्याला दाखवलं त्याने पॅडल दाबून पाहिलं आणि म्हणाला, "काही झालेलं नाही ताई, तुम्ही घाबरलात." मी जवळजवळ मान्यही केलं होतं.

साताऱ्याचे आमचे जुने मेस्त्री, त्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी मान्य केलं नाही. त्यांनी मागच्या चाकाचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी, सैल केला, त्याला पारदर्शक नळी लावली आणि मला पॅडल दाबायला सांगितलं. बाटलीत जे उतरलं ते बिनदुधाच्या उकळलेल्या चहासारखं होतं. शेजारी नवीन ऑइलची बाटली ठेवली, ते फिकट, मधाच्या पाण्यासारखं. "बेटा, डबी भरलेली बघून काय उपयोग," चाचा म्हणाले, "आतलं ऑइल कधी बदललंय?" मला आठवत नव्हतं. गॅरेजने वरून भर घातली होती, एवढंच.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे महाबळेश्वरच्या पायथ्याला चार महिने हवाच ओली असते, त्यामुळे डबीचं झाकण घट्ट असलं तरी होजपाइपमधून, वॉशरमधून पाणी शिरत राहतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तोच आकडा १४० वर येऊ शकतो. घाटात सतत ब्रेक मारला की ड्रम तापतो, ड्रममुळे आतला व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणारा भाग, तापतो आणि ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला तर दाब पुढे जातो; वाफ नुसती आक्रसते, पाय खाली जातो आणि लायनरपर्यंत काही पोचत नाही. गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं आणि पॅडल वर येतं. माझ्या गाडीचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलचा दाब ऑइलला देणारा भाग, एकाच सर्किटचा आहे. म्हणजे आजच्या गाड्यांसारखी अर्धी लाइन गेली तर उरलेली अर्धी धरते, अशी सोय नाही. गेला की चारही चाकांचा गेला.

ड्रम ब्रेक दुसऱ्याही तऱ्हेने दगा देतात, आणि दोन्हींत फरक पायाला कळतो. लायनर फार तापले की त्यांची पकडच सुटते. तेव्हा पॅडल दगडासारखं कडक लागतं, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि गाडी रेंगाळत पुढे जातच राहते. मऊ होऊन तळाला गेलं तर ऑइल उकळलं. कडक राहून थांबत नसेल तर लायनर तापले. दोन्ही वेळी करायचं एकच : गिअर खाली घ्या, बाजूला थांबा, अर्धा तास तरी थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका. तापलेलं ओतीव लोखंड असं एकदम थंड केलं तर तडकतं.

त्या उन्हाळ्यात चाचांनी चारही व्हील सिलिंडर उघडले. दोघांच्या आत गंजाचे खड्डे होते, बोटाच्या नखाला लागत होते. सिलिंडर नवे घातले, रबरी होजपाइप सगळे बदलले. जुना होजपाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगलेला असतो. मग ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, ब्रेक चिकटून राहतो आणि तो ड्रम घाट लागायच्या आधीच तापलेला असतो. म्हणून सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर मी उतरून चारही चाकांजवळ तळहात नेते. हात लावत नाही, नुसता जवळ. एखादं चाक इतरांपेक्षा गरम असेल तर घाटात जात नाही, परत फिरते.

आता दरवर्षी पावसाळा संपला की, दसऱ्याच्या सुमारास, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरते. बाटली सीलबंद हवी. गॅरेजच्या फळीवर अर्धी उघडी पडलेली नको, तिने आधीच पाणी प्यायलेलं असतं. लायनर या गाडीत आपोआप जवळ येत नाहीत, हाताने ॲडजस्ट करावे लागतात. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती पूड छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. चाचा मला हे सांगतात तेव्हा स्वतः खोकत असतात, आणि ते मला बघवत नाही.

घाटात माझा नियम जुनाच आहे, बाबांचा : ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. पसरणी मी बहुतेक दुसऱ्यात उतरते. गिअर आधी टाकायचा, उतार लागल्यावर नाही. वेग वाढला की स्टिअरिंगवरचा तो दांडा खालच्या गिअरमध्ये सहजासहजी जात नाही. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ड्रमला वारा मिळतो. पाय टेकवून ठेवायचा नाही. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणाऱ्यांबरोबर मी बसत नाही, मग तो कितीही जवळचा नातेवाईक असो. मागे रांग लागते, हॉर्न वाजतात. जागा दिसली की बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे सोडते.

ब्रेकनंतर मला धास्ती असते ती पेट्रोलची. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवर चालतो, आत रबरी पडदा असतो, आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप गरम इंजिनाच्या अंगावरून जातो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७८ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते मऊ पडतं किंवा त्याला भेगा जातात. माझ्या एका पाइपला क्लिपच्या अगदी खाली केसाएवढी चीर गेली होती आणि सकाळी गॅरेजचं दार उघडल्यावर आलेल्या वासावरून ती सापडली. तेव्हापासून इथेनॉल चालणारे पाइप घातलेत आणि ते दर दोन वर्षांनी बदलते. पेट्रोलचा वास आला तर "जुन्या गाडीला येतोच" असं म्हणू नका. गाडी बंद करा, शोधा. ड्रायव्हरच्या सीटखाली आग विझवायचं छोटं सिलिंडर आहे, डिकीत नाही. आग लागल्यावर डिकीकडे जायला वेळ नसतो. बॉनेटमधून धूर दिसला तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, फटीतून मारायचं, नाहीतर आत हवा जाऊन भडका होतो. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवलाय, घरी आले की वळवून ठेवते. मे महिन्यात पंप तापून पेट्रोलची वाफ झाली आणि गाडी अडखळू लागली तर पंपावर ओलं फडकं, हा टॅक्सीवाल्यांचा उपाय अजूनही चालतो.

पुढच्या चाकांची एक युक्ती चाचांनी शिकवली, ती घरच्या घरी करता येते. चाक उचला, खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, कारण नुसत्या जॅकवर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर बेअरिंग ढिलं, राहिली तर किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यावर वळतं तो, झिजली. किंग पिनला ग्रीस लागतं, महिनोन्‌महिने कोणी निपलला ग्रीस गन लावली नाही की स्टिअरिंग आधी जड होतं, मग ढिलं. टायरचं मात्र नक्षीवरून ठरवू नका. कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर लाकडासारखं होतं.

एवढं सगळं करूनही काही गोष्टी माझ्या हातात नाहीत, आणि विचारणाऱ्यांना मी त्या लपवत नाही. ही गाडी धडकली तर पुढचा भाग चेपून धक्का स्वतःवर घेईल अशी तिची बांधणी नाही. एअरबॅग नाही. सीटबेल्ट कारखान्यातून आलेच नव्हते. पुढच्या सीटना मी बसवून घेतले, तेही पत्र्याला नुसते बोल्ट न मारता आतून जाड प्लेट वेल्ड करून. त्यामुळे लहान मुलांना मी या गाडीतून हायवेला नेत नाही. भाचरं रुसतात, गावात चक्कर मारून आणते. रात्री हायवेला जात नाही. पुढची नवी गाडी माझ्या निम्म्या अंतरात थांबू शकते, म्हणून मध्ये इतकी मोकळी जागा सोडते की कोणीतरी त्यात घुसतंच. घुसलं की परत मागे होते.

सुटे भाग मिळणं अवघड होत चाललंय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचं भागत होतं. शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता पुण्यात नाना पेठेत दुकानं पालथी घालावी लागतात, आणि जुन्या साठ्यातला ब्रेकचा रबरी वॉशर पाकीटबंद मिळाला तरी तो किती वर्षं पाकिटात होता हे बघावं लागतं. २०२८ ला गाडी ५० ची होईल. तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येईल, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आईला दर महिन्याला पाचगणीला डॉक्टरांकडे न्यायचं असतं आणि तिला याच गाडीच्या मागच्या सीटवर पाय मोकळे सोडून बसता येतं. मी साधीच नोंदणी चालू ठेवणार आहे.

गोठ्यातल्या फियाटवाल्या मुलाला मी सांगितलं, बॅटरी विकत आणायच्या आधी ब्रेक उघड. इंजिन सुरू झालं की तुला चक्कर मारायचा मोह होईल, घरचेही म्हणतील काढ काढ. अकरा वर्षांत सिलिंडर आतून गंजलेत असंच धरून चाल. यंदाच्या गणपतीला नाही जमलं तर पुढच्या.

आणि पाचगणीच्या बाजारात कोणी विचारलं तर मी आता दार उघडते, त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवते. पॅडल दाबून धरा म्हणते, पाय हलवू नका, मनात तीसपर्यंत मोजा. पाय तीसपर्यंत जागचा हलला नाही तर लाइन गळत नाही. हळूहळू खाली सरकत गेला तर लाइन गळतेय किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. वाफेचं मात्र यातून कळत नाही, त्यासाठी दसऱ्याला ऑइलच बदलावं लागतं. लोक मोजतात. काहीजण ओठ हलवत मोजतात. मागच्या सीटवरून आईसुद्धा मोजत असते, आणि तिचे तीस झाल्याशिवाय ती मला किल्ली फिरवू देत नाही.