माळा उपसला एकदाचा!

दिवाळीच्या आधी आज माळा उपसला. श्रीखंडाचे रिकामे डबे निघाले, पण एकाचं झाकण दुसऱ्याला बसेना. चार्जर अशा फोनांचे, जे घरातून केव्हाच गेले. सासूबाई खाली खुर्ची टाकून पहाऱ्यावर: "असू दे गं, लागतं कधीतरी!" त्यांच्या जुन्या पर्समध्ये पाचशेची नोट सापडली, २०१६ च्या नोटबंदीत बाद झालेली. तीही घडी घालून परत आत!

हल्ली बोहारीण फिरकत नाही, नाहीतर जरीच्या साड्यांवर एखादं पातेलं मिळालं असतं (आणि तेही माळ्यावरच गेलं असतं). सुती साड्या गोधडीला काढल्या, वायरी-चार्जर ई-कचऱ्यात, रद्दीवाला उद्या येतोय. मिनिमलिझम वगैरे ठीक आहे, पण आजीचं तांब्याचं घंगाळ मी देणार नाही. विचारूसुद्धा नका.