एल्फिन्स्टनचे कागद: पुण्याच्या संगमावरून लंडनच्या युस्टन रोडवर

किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनातून युस्टन रोडवर आलं की पश्चिमेला पाच-सात मिनिटांवर लाल विटांची ब्रिटिश लायब्ररी लागते. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, दख्खनचा कमिशनर आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे खासगी कागद इथे आहेत. मी आधी पुण्याचं पुराभिलेखागार पाहिलं आणि मग इथे आलो. हाच क्रम ठेवा. सरकारी पत्रव्यवहाराच्या तारखा हाताशी नसतील तर खासगी पत्रातलं ‘काल तो शास्त्री आला होता’ हे वाक्य कुठे बसवायचं ते कळत नाही.

वाचक-कार्ड मोफत मिळतं. नोंदणी घरूनच ऑनलाइन करून या. पासपोर्टवर सही असते, पण घरच्या पत्त्याचा वेगळा पुरावा लागतो आणि आपली मंडळी तिथेच अडकतात. बँकेचं इंग्रजीतलं स्टेटमेंट जवळ ठेवा. कोट, पिशवी, पेन, पाण्याची बाटली हे सगळं खाली लॉकरमध्ये. पारदर्शक पिशवीत लॅपटॉप, शिसपेन्सिल आणि कोरे कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या आशिया-आफ्रिका वाचनकक्षात जायचं. हातमोजे लागत नाहीत. स्वच्छ, कोरडे हात पुरतात, कारण मोज्यांमुळे बोटांची जाणीव बोथट होते आणि पानाची कड फाटते. बांधीव खंड फोमच्या आधारावर ठेवतात, पानं दाबायला वजनाची दोरी मिळते.

मागणी नोंदवताना पहिली चूक होते ती नावात. एल्फिन्स्टन एक नाही. आपल्याला हवा तो युरोपीय हस्तलिखितांमधला एफ ८८ हा संग्रह. शेजारचा एफ ८७ त्याच्या पुतण्याचा, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचा. हा १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता आणि आताच्या प्रभादेवी स्टेशनाला पूर्वी याचंच नाव होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव मात्र काकाचं. तिसरा, जनरल विल्यम एल्फिन्स्टन, १८४२च्या इंग्रज फौजेच्या काबूलहून माघारीतला. आपला माउंटस्टुअर्टही १८०९मध्ये पेशावरला अफगाणिस्तानचा राजा शाह शुजा याला भेटला होता, म्हणून अफगाणिस्तान शोधलं की दोघं हमखास एकमेकांत मिसळतात. दुसरी अडचण जुन्या ग्रंथांच्या तळटिपांची. त्यांत खोक्यांचे क्रमांक असतात, आताच्या सूचीत एफ ८८ नंतर तिरपी रेघ देऊन अनुक्रमांक येतो. खोका क्रमांकावरून मागणी करू नका. तारीख आणि पत्र पाठवणाऱ्याचं नाव यांवरून शोधा.

नावांची स्पेलिंगं आजची टाकलीत तर हाती काही लागत नाही. त्या काळी बाजीरावच्या शेवटी ‘रो’ लिहीत, खडकीचं ‘किर्की’, साताऱ्यात दोन टी, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्या नावात ‘यू’, आणि आडनावाचं ‘डेंग्लिया’. एकाच नावाची चार रूपं आधी कागदावर लिहून ठेवा. अक्षराला सरावायला अर्धा दिवस द्या. शब्दातल्या दोन एसपैकी पहिला लांब असेल तर तो एफ वाटतो. शाई पाठून उमटलेली असेल तिथे पानाखाली काळा कागद सरकवायची परवानगी मागा. मागची ओळ फिकी होते आणि पुढची वाचता येते.

आता खरी गोम. एफ ८८मध्ये एल्फिन्स्टनची पत्रं शोधायला बसलात तर बहुतेक हाती येतात ती त्याला आलेली. पत्र जिथे पोचतं तिथे राहतं. त्याने स्वतः मोकळेपणाने लिहिलेलं वाचायचं तर त्याच्या मित्रांची दप्तरं उघडावी लागतात. सर्वांत महत्त्वाचा मित्र एडवर्ड स्ट्रेची. त्याच्या घराण्याचे कागद सटन कोर्ट संग्रहात, एफ १२८ला आहेत. एल्फिन्स्टनची १८०१मध्ये पुण्याच्या रेसिडेन्सीत सहायक म्हणून नेमणूक झाली, निदान तेव्हापासूनची ही मैत्री. दोन्ही संग्रहांची मागणी एकाच दिवसासाठी नोंदवा आणि पत्र व उत्तर शेजारी ठेवून वाचा. एवढ्यासाठी लंडनला यावं असं मला मनापासून वाटतं.

१८१७च्या शोधात असाल तर हे आणखीच खरं. ५ नोव्हेंबरला दुपारी एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या इंग्रज फौजेकडे गेला, आणि मागे पेशव्यांच्या सैन्याने ती लुटून जाळली. त्याची पुस्तकं आणि बरेच कागद त्यात गेले. त्यामुळे पुण्यातल्या त्या वर्षांसाठी केवळ एफ ८८वर विसंबू नका. कंपनीला गेलेले खलिते याच वाचनकक्षात इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या जुन्या सरकारी खात्याच्या, दप्तरात मिळतात, प्रती मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांत. खासगी बाजू उरली ती मुख्यतः आगीआधी पुण्यातून बाहेर पडलेल्या, जहाजाने विलायतेला पोचलेल्या पत्रांत.