दारू सुटल्यानंतरचा राग

दारू सुटली की घरातली भांडणेही सुटतील, या आशेने कितीतरी कुटुंबे आपल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करतात. अशा एका केंद्रात मी काही वर्षे शनिवारचा गट घेते आहे आणि तिथे बहुधा उलटेच पाहायला मिळते. पिणे थांबल्यावर माणूस आधीपेक्षा जास्त चिडका होतो आणि बायको मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "ताई, हे पीत होते तेच बरे होते का?"

रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की साधारण ६ ते २४ तासांत हातांची थरथर, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोकाही असतो, त्यामुळे त्या दिवसांतली चिडचिड ही डॉक्टरांनी सांभाळायची गोष्ट आहे. त्यानंतरही उरणारा राग मात्र गटात येऊन बसतो.

चार महिने दारूला न शिवलेल्या एका रिक्षाचालकाचे उदाहरण मला नेहमी आठवते. रात्री तो घरी पोहोचला की दार उघडणारी बायको अर्धे पाऊल पुढे येऊन श्वास ओढून घेत असे. विचारत मात्र काहीच नसे. "तिने शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," असे तो म्हणाला. एकदा त्याने जेवणाचे ताट भिरकावले आणि रिक्षा काढून तो थेट बारच्या दारापर्यंत गेला, कारण नाव खराब झालेच आहे तर प्यायला काय हरकत, असा हिशेब त्याच्या डोक्यात तयार होता. आत का गेला नाही, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. राग माणसाला पिण्याचा परवानाच देतो, आणि म्हणूनच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या १९३९ सालच्या मूळ पुस्तकात मनात साठवलेल्या अढीला सर्वांत मोठा शत्रू मानले आहे.

अमेरिकेत २००२ साली, व्यसनाशी झगडणाऱ्यांसाठी राग-नियंत्रणाची बारा आठवड्यांची एक सरकारी पुस्तिका निघाली. तिच्यातली रागाची एक ते दहा अंकांची मोजपट्टी आम्हीही वापरतो. या गृहस्थाने पहिल्या आठवड्यात सगळ्या प्रसंगांना दहा अंक दिले, कारण आपला राग एकदम येतो अशी त्याची खात्री होती. मग आम्ही एकच रात्र मिनिटामिनिटाने मागे नेत गेलो. ताट भिरकावण्याआधी दात आवळलेले होते, त्याआधी जिना चढताना रिक्षाची किल्ली मुठीत इतकी घट्ट धरलेली होती की तळव्यावर वळ उठला होता, आणि त्याच्याही आधी, स्टँडवर शेवटचे भाडे सोडतानाच, "आता ती वास घेणार" हे वाक्य मनात येऊन गेले होते. त्याला त्याचा चार आकडा तिथे सापडला. दुपारपासून तो उपाशीही होता. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चार धोके आम्ही फळ्यावर लिहितो, त्यांतले तीन तरी रात्री नऊ वाजता त्याच्याबरोबर जिना चढत होते.

बायकोने वास घेणे बंद करावे, असे मी तिला सांगितले नाही. बारा वर्षे खोटे ऐकलेल्या बाईकडे चार महिन्यांत विश्वास मागणे मला अन्यायाचे वाटते. आणि जिथे मारहाण होते तिथे आधी तिची व मुलांची सुरक्षितता पाहावी लागते. राग आवरायला शिकतो आहे, ही हात उचलल्याची सबब होऊ शकत नाही.

राग चढू लागला की तिथून बाजूला व्हावे, हा सल्ला पुस्तकात सोपा वाटतो. पण ज्या घरात "मी चाललो" याचा अर्थ वर्षानुवर्षे "प्यायला चाललो" असाच होता, तिथे नवरा नुसता उठला तरी बायकोचा जीव टांगणीला लागतो. म्हणून दोघांना समोरासमोर बसवून शांतपणे ठरवून घेतले: जायचे ते चाळीच्या खालच्या ओट्यापर्यंतच, वीस मिनिटांत परत यायचे, आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवूनच खाली उतरायचे. संध्याकाळी सहाला स्टँडवरच काहीतरी खाऊन घ्यायचे, हे कलम बायकोने स्वतः घातले.

मागच्या शनिवारी त्याने सांगितले की आठवड्यात दोनदा ओट्यावर जावे लागले; पहिल्यांदा आकडा चार होता, दुसऱ्यांदा सात झाल्यावर तो उठला आणि अर्धा जिना उतरल्यावर किल्ली हातातच असल्याचे लक्षात येऊन ती अडकवायला परत वर गेला.