सावरीच्या कापसाची कुशन घरी करताना: माझा अनुभव

बैठकीवरच्या छोट्या उशांत मी फायबर भरत नाही, सावरीचा, म्हणजे काटेसावरीच्या झाडाचा, कापूस भरते. शिमग्याच्या सुमारास काटेसावर लाल फुलांनी भरते आणि एप्रिल-मेमध्ये तिची बोंडं तडकायला लागतात. बोंड तपकिरी झालं पण फुटलेलं नाही, तेव्हाच काढायचं. फुटलं की निम्मा कापूस वाऱ्यावर जातो. बोंडं सुपात पसरून वर जुनी सुती साडी घट्ट बांधते आणि कडक उन्हात ठेवते. ती आतल्या आतच उकलतात.

हा कापूस निवडायचा कारण आमची समुद्राकाठची दमट हवा. सावरीचा तंतू आतून पोकळ असतो, वर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो साध्या कापसासारखं पाणी पीत नाही. जून ते सप्टेंबर साध्या कापसाची उशी जड होते, गोळे धरते, कुबट वास मारते. सावरीची तेवढी लवकर बिघडत नाही. मात्र तंतू आखूड आणि गुळगुळीत, त्यामुळे त्याचं सूत निघत नाही आणि विरळ कापडातून तो सहज बाहेर येतो.

बिया काढणं हेच खरं कष्टाचं काम. खोल पातेल्यात निम्म्यापर्यंत कापूस घ्यायचा, तोंडाला कापड बांधायचं, कापडाला मधोमध छोटं भोक पाडून त्यातून रवी आत घालायची आणि घुसळायचं. बिया जड, त्या तळाला बसतात. वरचा कापूस हाताने अलगद उचलायचा. नाकाला रुमाल हवाच, बारीक तंतूंनी ठसका लागतो. बिया राहिल्या तर नुसत्या टोचत नाहीत. त्यांत तेल असतं, मग उंदीर खोळ कुरतडतात. आणि हे काम देवघरापाशी, समई-उदबत्तीजवळ करू नये. मोकळा कापूस ठिणगीने भपकन पेटतो.

आता कापड. तयार उशी 16 इंचांची हवी असेल तर अभ्रा 16 चा आणि आतली खोळ 17 इंचांची. खोळ मोठी असली की अभ्रा ताणून बसतो, सुरकुत्या पडत नाहीत. खोळीला मांजरपाट चालत नाही, वीण सैल असते. घट्ट विणीचा गादीपाट घ्या. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची. वारा सहज पार गेला तर कापूसही जाणार.

खोळीचे 18 इंचांचे दोन चौकोन कापते. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, मग शिवणीचं कापड अर्धं छाटून उलटवायचं आणि पुन्हा पाव इंचावर टीप. कापलेली कड दोन टिपांमध्ये बंद होते, कापसाला वाट राहत नाही. एका बाजूला मधोमध 5 इंच मोकळे ठेवायचे. 14 नंबरची सुई पुरते.

भरताना आधी चार कोपरे, छोट्या छोट्या पुंजक्यांनी. मोठा गोळा कोंबला की आत गाठ बसते आणि ती नंतर फुटत नाही. 350 ते 400 ग्रॅम कापूस लागतो. जरा टणक वाटेल इतकं भरा, कारण बसून बसून तो दबतो. तोंड हाताने शिवताना दोन्ही कडांच्या आतून आळीपाळीने टाके घ्यायचे.

अभ्र्याचं कापड आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. 44 इंच पन्ह्याचं अर्धा मीटर सुती कापड एका उशीला पुरतं. आडवं मांडलं की मधोमध पुढचा भाग 17 बाय 17, आणि दोन्ही टोकांना मागचे 12 बाय 17 चे दोन तुकडे. पन्ह्याची विणलेली कड मागच्या तुकड्यांच्या दुमडीत येते, त्यामुळे तिथे सूत सुटत नाही. त्या कडेला दीड इंच दुमडून टीप मारली की प्रत्येक तुकडा साडेदहा इंच उरतो. दोन्ही सुलट बाजू आत ठेवून पुढच्या भागावर मांडले की एकमेकांवर 4 इंच येतात. भोवती अर्ध्या इंचाची टीप. चेन लागत नाही, आणि बरंच झालं: खाऱ्या हवेत धातूची चेन गंजते आणि तिचा डाग कापडावरून जात नाही. टाचण्याही त्याच दिवशी काढाव्यात. मागची फट बंद करायचीच असेल तर करवंटीची बटणं लावा.

कोपरे सरळ काटकोनात शिवले तर भरल्यावर कानासारखे टोकदार बाहेर येतात. म्हणून कोपऱ्यात टीप अर्धा इंच जास्त आत घ्यायची आणि 4 इंचांवर ती हळूहळू मूळ रेषेत आणायची.

सजावट अभ्रा जोडण्याआधी, पुढचा भाग सपाट असतानाच. मला दोनच प्रकार मनापासून आवडतात. पहिला गोधडीचा धावदोरा. वर जुन्या सुती साडीचा तुकडा, मध्ये पातळ लुगड्याचा थर, खाली मांजरपाट. हे तीन थर 17 नव्हे, 18 इंचांचे घ्यायचे. टाक्यांनी कापड ओढलं जातं, नंतर छाटून 17 करायचं. गोधडीला बाहेरून आत फेरे घालतात, पण एवढ्या लहान तुकड्यात तसं केलं तर फुगा मधोमध अडकतो. म्हणून आधी मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालून थर बसवून घ्या. ओळींत पाव ते अर्धा इंच अंतर ठेवा.

दुसरा प्रकार सावंतवाडीच्या गंजिफ्यावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या जुन्या खेळावरून, सुचतो. दशावतारी गंजिफ्याचे गोल पत्ते, 10 अवतारांचे 12-12, एकूण 120. त्यातलं चित्र उतरवण्याच्या फंदात पडू नये, ते सुईचं काम नाही. गोल आकार आणि लाल-पिवळ्या रंगांची संगती घ्यावी. पुठ्ठ्याची 6 इंचांची चकती, कापडाची 7 इंचांची. कापडाच्या कडेने धावदोरा घालून पुठ्ठा मध्ये ठेवायचा, दोरा ओढून कड गोळा करायची, इस्त्री फिरवायची आणि पुठ्ठा काढून घ्यायचा. असा गोल काठ नुसता हाताने दुमडून येत नाही. मग बारीक टाक्यांनी चकती बसवून कडेला सहापदरी दोऱ्यातल्या तीन पदरांनी साखळी-टाका घाला. सहाही पदर घेतले तर जाड होतं आणि गालाला रुततं.

लाल आणि निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रंग उतरला तर ते कापड पांढऱ्याला जोडू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नये.

खोळ कधीही धुवायची नाही, ओल्या तंतूंचा लगदा होतो. फक्त अभ्रा धुवा. पावसाआधी, वैशाखात, उशांना दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरल्या तर झाकणाला घाम सुटून बुरशी येते. सोबत वेखंडाचे दोन तुकडे, कापडाच्या पुरचुंडीत.