सातपुड्याच्या पायथ्याने: खानदेशातील तुटलेल्या जंगलाचा माग

रावेर आणि यावल तालुक्यांतील केळीबागा जिथे संपतात, तिथून सातपुड्याचा चढ सुरू होतो, आणि या दोहोंमधल्या काही किलोमीटरच्या दगडगोट्यांच्या पट्ट्याकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. होळी सरून मोह गळू लागला होता, अशा दिवसांत मी रावेरहून पालच्या दिशेने निघालो तो हा पट्टा पाहण्यासाठीच. भूजलाचे अभ्यासक याला बझाडा म्हणतात. डोंगरातून धावत आलेल्या नद्यांनी हजारो वर्षे इथे गोटे, वाळू आणि माती आणून टाकली आणि त्या सच्छिद्र थरांतून मुरलेले पाणी खाली तापीकाठच्या विहिरींना मिळत राहिले. ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या मुळाशी असलेले पाणी बऱ्याच अंशी या वाटेने येते. म्हणजे बागायतदाराच्या विहिरीचा एक काठ त्याच्या शेतात असतो आणि दुसरा वर, सातपुड्याच्या जंगलात. हे ध्यानात घेतल्याखेरीज इथल्या जंगलतोडीचा विचार पुरा होत नाही, असे माझे मत या प्रवासात पक्के झाले.

पाल हे सुकी नदीच्या खोऱ्यातले गाव. १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य या भागात, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून पसरलेले आहे. पहिल्या वळणांवर साग दिसतो, मग सालई, धावडा, खैर आणि खानदेशचे खास म्हणावे असे अंजनाचे झाड. अंजनाची जोडपाने गुरांना फार आवडतात आणि म्हणूनच रस्त्याजवळचे जवळजवळ प्रत्येक अंजन फांद्या छाटून छाटून बोडके झालेले आढळते. झाड मरत नाही, परंतु वर्षानुवर्षे छाटले गेल्याने ते पुरेसे बी धरत नाही आणि त्याच्या खाली नवे रोप दिसत नाही. जंगल तुटणे म्हणजे नेहमीच बुंध्यावर कुऱ्हाड पडणे नव्हे. जे झाड उभे आहे पण ज्याची पुढची पिढी उगवत नाही, तेही तुटल्यातच जमा आहे.

पालच्या पुढे एका नाल्याच्या कडेला मी जे पाहिले ते मात्र अधिक विषण्ण करणारे होते. चांगल्या वाढलेल्या सागाच्या बुंध्याभोवती, कमरेच्या उंचीवर, वीतभर रुंदीची साल गोलाकार सोलून काढलेली होती. सालीच्या आतल्या थरातूनच पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत उतरते. तो मार्ग तुटला की मुळे उपाशी राहतात आणि कुऱ्हाडीचा आवाजही न होता झाड उभ्याउभ्या वाळते. वाळलेल्या झाडाला मग कोणी विचारत नाही, त्याखालची जमीन नांगरली जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे शेत झालेले असते. त्याच नाल्यापलीकडे काही सालईंवर खोल घाव घातलेले होते आणि घावांतून ओघळलेला डिंक मधाच्या रंगाचा होऊन थिजला होता. बोटाला लावून पाहिला तर धुपाचा दरवळ आला. माफक, उथळ खाच घेतली तर सालई हा डिंक वर्षानुवर्षे देऊ शकते, पण चोरीने आलेल्या माणसाला पुढच्या वर्षाची पर्वा नसते, तो खोडाच्या गाभ्यापर्यंत जातो. मोहाखाली फुले वेचायला सोपी जावीत म्हणून पाला पेटवण्याची रीतही आहे आणि वाऱ्याच्या दिवसांत ती आग वणवा होऊन डोंगर चढते. आग पसरू नये म्हणून जाळून मोकळे ठेवलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, आखलेल्या असल्या तरी एवढ्या विस्ताराला वनमजूर पुरे पडत नाहीत.

तरीही या सगळ्याचा दोष डोंगरातल्या माणसावर ढकलून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते, कारण इथल्या जंगलाला मोठी ओहोटी लागली ती सपाटीच्या गरजांनी. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि खानदेशची काळी जमीन कापसाखाली येत गेली. त्याच दशकात भुसावळला लोहमार्ग पोचला; रुळांखाली घालायचे स्लीपर, पूल, इमारती आणि जळण या सर्वांना लाकूड हवे होते. पुढे १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले, पण ज्या भिल्ल, तडवी आणि पावरा समाजांचे जगणे त्यावर चालले होते, त्यांचा हक्क सवलत म्हणून उरला. ज्या जंगलात आपण केवळ गुन्हेगार ठरू शकतो, ते राखण्याची उमेद माणसाने कुठून आणावी?

यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता पश्चिमेला जातो आणि सातपुडा उजव्या हाताला सतत सोबत करतो. बसच्या खिडकीतून पुढची रांग भुरी, उघडी दिसते, झाडी राहते ती तिच्या मागच्या घळींत. चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या मधून अनेर वाहते. तिच्या कोरड्या पात्राजवळ भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले, "आबा, पूर्वी कसं होतं इथं?" ते म्हणाले, "झाडं व्हतात तवय नदीले उन्हायामा बी पानी ऱ्हाये, आते गोटाच उरनात." आबांचे म्हणणे भूजलाच्या अभ्यासाशी जुळणारे आहे. पालापाचोळा आणि मुळांची जाळी पावसाचा मारा झेलते, पाणी जमिनीत शिरायला वेळ मिळतो आणि तेच पाणी महिनोन्महिने झऱ्यांतून पाझरत राहते. उघड्या उतारावर तोच पाऊस काही तासांत माती घेऊन निघून जातो. ती माती बझाड्याची छिद्रे बुजवते आणि धरणांच्या तळाशी गाळ होऊन बसते. अर्थात एकट्या जंगलतोडीला जबाबदार धरणे खरे होणार नाही. शेकडो फूट खोल गेलेल्या कूपनलिकांनी जो उपसा केला आहे, त्याचाही वाटा मोठा आहे. पण वरून मुरणे कमी आणि खालून उपसणे अधिक, अशा दुहेरी मारापुढे कोणताही साठा टिकणार नाही.

शहादा-तळोदा परिसराला पक्षी-अभ्यासात फार मोठे स्थान आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाच्या दृष्टीस निश्चितपणे पडले नव्हते आणि ते नामशेष झाले असावे असे मानले जात होते. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना ते शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा आढळले, म्हणजे जवळपास ११३ वर्षांनी. दिवसाही वावरणारा हा पक्षी सरडे, उंदीर अशा भक्ष्यावर जगतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. वीस वर्षांचे रोपवन कितीही हिरवे दिसले तरी त्यात ढोली नसते, हे वृक्षलागवडीचे आकडे मिरवताना आपण विसरतो. याच तळोद्याच्या वनजमिनीपैकी काही जमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांना पुनर्वसनासाठी देण्यात आली. नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे त्या धरणाच्या बुडितात आली, नर्मदेकाठचे जंगल पाण्याखाली गेले आणि उठवलेल्या माणसांना वसवण्यासाठी आणखी जंगल मोकळे करावे लागले. एका प्रकल्पाची किंमत जंगलाने दोनदा मोजली आणि विस्थापितांनी आयुष्यभर.

चांदसैली घाटाने वर धडगावकडे चढताना परिणाम उघड्या डोळ्यांनी दिसतात. इतक्या तीव्र उतारावर नांगर चालतो की ढेकूळ सुटले तर घरंगळत खालच्या शेतात जाते. वरची माती गेल्याने खालचा मुरूम उघडा पडला आहे आणि पाऊस संपताच अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. रानभाज्या, कंद, चारोळी, मोह, डिंक यांवर जी चार-सहा महिन्यांची गुजराण होत असे, ती जंगलाबरोबर आटली. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

तळोद्याहून नंदुरबार, साक्री आणि पिंपळनेर मार्गे मी बारीपाड्याला गेलो. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत असलेले हे आदिवासी गाव. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात इथेही डोंगर बोडके होते आणि पाण्यासाठी पायपीट होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईला आवर घातला, तोडणाऱ्याला दंड आणि माहिती देणाऱ्याला बक्षीस ठरवले, पाणी अडवण्याची कामे केली आणि सुमारे ४०० हेक्टर जंगल राखले. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. मी ज्या वाटेने त्या जंगलात शिरलो, तिथे पायाखाली पाल्याचा जाड थर होता. काठीने तो बाजूला केला तर उन्हाळ्याच्या तोंडावरही खालची माती काळी आणि ओलसर निघाली. यावलच्या नाल्याकाठची भाजलेली जमीन पाहून आलेल्या माझ्यासाठी हा ओलावाच सर्वांत मोठा पुरावा होता. या जंगलातल्या भाज्यांचा महोत्सव गाव दर वर्षी भरवते.

वाटेत भेटलेल्या गावकऱ्याला मी विचारले, "दादा, चुलीला लाकूड मग कुठून आणता?" ते म्हणाले, "वाळलेलं आणि पडलेलं आणतो. हिरव्याला हात लावायचा नाही, हे आमचं आम्हीच ठरवलंय." वनाधिकार मान्यतेचा २००६ चा कायदा अशा ठरवण्याला कायदेशीर आधार देतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक हक्क त्यात आहे, त्याचबरोबर गावाने मिळून जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा सामूहिक हक्कही आहे. वैयक्तिक पट्ट्यांचीच चर्चा अधिक होते. सामूहिक हक्काचा दावा, त्याचा नकाशा आणि त्यानंतरचा व्यवस्थापन आराखडा ही किचकट कामे ग्रामसभेच्या हाताशी बसून करून देणारे कोणीतरी लागते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांकडे सहकारी संस्थांचा दीर्घ अनुभव आहे, हिशेब ठेवणारी माणसे आहेत. त्यांनी पालच्या आसपासच्या पाड्यांना या दाव्यांच्या कामी मनुष्यबळ दिले आणि वणव्याच्या हंगामातील राखणदारांच्या मजुरीचा काही भार उचलला, तर तो खर्च त्यांच्याच विहिरींवरचा खर्च ठरेल.