कात्रीची वाट

नाशिकमध्ये घरांतल्या आणि कार्यालयांतल्या कुंड्यांची देखभाल करण्याचे काम मी अकरा वर्षे करते आहे. बाहेरच्या माणसाला वाटते की या कामात खते आणि औषधेच फार असतील. प्रत्यक्षात माझा बहुतेक वेळ कुंडी उचलून तिच्या वजनावरून पाण्याचा अंदाज घेण्यात, तळाच्या तबकडीत साचलेले पाणी ओतून टाकण्यात आणि पाने दोन्ही बाजूंनी पुसण्यात जातो. पीस लिलीची मुळे कुजली किंवा आफ्रिकन व्हायोलेटचा गाभा सडला, म्हणजे बहुधा कोणीतरी मायेने रोज पाणी घातलेले असते. त्यातही या शहरात जवळजवळ प्रत्येक घराला दिंडोरी नाहीतर निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार नातलग असतो आणि त्याने दिलेली औषधाची अर्धी बाटली माळ्यावर असते. बेगोनियावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी दिसताच ऐन एप्रिलमध्ये गंधक फवारून पाने भाजून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. साधारण 32 अंशांच्या वर गंधकाने पाने जळतात, हे बागेत पक्के ठाऊक असलेला माणूसही दिवाणखान्यात विसरतो. अशा लोकांना मी आजवर बरेच ऐकवले आहे, म्हणून पुढची हकीकत लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते.

शरणपूर रस्त्याच्या बाजूला एक दातांचा दवाखाना आहे. त्याच्या तीन मजल्यांवर मिळून अँथुरियमच्या सोळा कुंड्या माझ्याकडे होत्या. अँथुरियमचे जे लाल, चकचकीत फूल आपण म्हणतो, ते खरे तर एक रंगीत पानच असते. खरी फुले त्यातून वर आलेल्या दांड्यावर दाटीने बसलेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. हा लाल भाग नीट ठेवला तर महिना-दीड महिना टिकतो, म्हणून दवाखान्यांना हे झाड फार आवडते. जूनमध्ये मी तळमजल्यावर चार नवी अँथुरियम आणि दोन सिंगोनियम आणून ठेवली. जुलैच्या अखेरीस त्यांतल्या दोन झाडांच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून मग तपकिरी होऊ लागल्या. मी करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, असे निदान केले, बुरशीनाशक दिले, खराब पाने काढली आणि नेहमीप्रमाणे जिना चढून पुढच्या मजल्यावर गेले.

सहा आठवडे दर बुधवारी मी हेच करत राहिले. दरम्यान स्वागतकक्षातल्या बाईंनी कुठेतरी वाचून पानांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारायला सुरुवात केली होती आणि मी त्यांना अडवले नाही, कारण पाने टवटवीत दिसत होती. रात्री वातानुकूलन बंद, खिडक्या बंद, बाहेर पाऊस आणि कुंडीतली कोकोपीट ओली, अशा वेळी झाड नको असलेले पाणी पानांच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून थेंबाथेंबाने बाहेर टाकते. सकाळी लवकर गेले की प्रत्येक पानाच्या कडेला असे टपोरे थेंब दिसत. मला ते इतके आवडले, की मी त्यांची छायाचित्रे काढून ठेवली. ती अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

गणेशविसर्जनानंतरच्या बुधवारी माझ्याबरोबर कामाला नवीन लागलेला मुलगा होता. तो सटाण्याकडचा, घरची डाळिंबाची बाग तेल्या या रोगाने गेल्यावर शहरात आला. मी पान तोडून पिशवीत टाकणार, तोच त्याने ते हातातून घेतले, खिडकीकडे धरले आणि म्हणाला, “ताई, हा करपा नाही. हे तेल्यागत दिसतंय.” मी त्याला सांगितले की तेल्या डाळिंबावर येतो, अँथुरियमवर नाही. तो गप्प बसला, पण पान त्याने खाली ठेवले नाही.

मग मीही पान उजेडाकडे धरले. करप्याचा डाग कोरडा असतो, त्यात एकात एक कडी दिसतात आणि नीट पाहिले तर काळे ठिपके. इथे डागाच्या कडेला काचेवर तेलाचे बोट लागावे तसा पारदर्शक पट्टा होता, त्याभोवती पिवळे वलय, आणि डागांची सुरुवात पानाच्या मध्यावर नसून कडेवर, नेमकी जिथून ते थेंब येत तिथे. संध्याकाळी घरी जुने सूक्ष्मदर्शक काढले, डागाच्या कडेचा कापलेला तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि पाहिले, तर कापलेल्या कडेतून चुलीच्या धुरासारखा लोट पाण्यात ओतत होता. बुरशीत असे दिसत नाही. हे लाखो जिवाणू होते.

मुलाचे म्हणणे शब्दशः खरे नसले, तरी माझ्या निदानापेक्षा खऱ्याच्या जवळ होते. अँथुरियमवरचा हा रोग झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो आणि डाळिंबावरचा तेल्याही झँथोमोनासच्याच कुळातला. फक्त एकाचे जिवाणू दुसऱ्यावर जात नाहीत. 1980च्या दशकात याच रोगाने हवाई बेटांवरची अँथुरियमची शेती अर्धमेली केली होती. सिंगोनियम, डिफेनबेकिया, अॅग्लोनिमा ही त्याच कुटुंबातली झाडे हा जिवाणू बाळगू शकतात, काही वेळा बाहेर फारसे काही न दाखवता. कडेच्या थेंबांत तो पोहतो आणि थेंब पुन्हा पानात शोषला गेला की आत जातो. फवाऱ्याचे शिंतोडे त्याला शेजारच्या झाडावर पोचवतात. झाडात मुरलेल्या रोगावर औषध नाही. ताम्रयुक्त औषधाने प्रसार थोडा रोखता येतो. प्रतिजैविक फवारण्याचा सल्ला मला एका दुकानदाराने लगेच दिला, पण रुग्ण बसतात त्या खोलीत प्रतिजैविकाचा फवारा मारायला सांगणाऱ्या माणसाशी वाद घालण्यातही अर्थ नव्हता.

त्या रात्री मी वहीत सोळा कुंड्यांचा नकाशा काढला आणि प्रत्येकीवर पहिला डाग कोणत्या आठवड्यात दिसला ते नोंदींवरून लिहिले. शिंतोड्यांनी रोग पसरला असता तर शेजारच्या कुंड्या एकामागून एक लागल्या असत्या. तळमजल्यावर तसे झालेही होते. परंतु फवारा मारणाऱ्या बाई कधी वर जात नव्हत्या, आणि वरच्या दोन मजल्यांवर रोग जिन्याजवळच्या कुंडीपासून सुरू होऊन खिडकीपर्यंत, मग परत फिरून तपासणीच्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता. मी दर बुधवारी ज्या क्रमाने चालते तोच हा क्रम. एकच छाटणीची कात्री, न पुसलेली, आजारी पानावरून निरोगी पानावर. भिंतीच्या पलीकडे त्याच वेळी दातांची अवजारे दाबाच्या वाफेत निर्जंतुक होत होती. त्या यंत्राची शिटी मला काम करताना ऐकू यायची.

पुढच्या भेटीत नऊ अँथुरियम आणि दोन्ही सिंगोनियम मातीसकट पिशव्यांत बांधून काढली. खतात टाकली नाहीत. कुंड्या ब्लीचच्या पाण्यात बुडवल्या. उरलेल्या सात झाडांना पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी, फवारा बंद, युरिया बंद, कारण अमोनियाच्या रूपातला नत्र जास्त झाला की हा रोग बळावतो. आता प्रत्येक झाडानंतर कात्रीचे पाते स्पिरिटने पुसते. तो मुलगा बाटली धरून शेजारी उभा असतो.

डॉक्टरांकडून मी नव्या झाडांचे पैसे घेतले नाहीत. रोग नव्या रोपांतून आला असावा, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, “पण मग वरच्या मजल्यावर कसा पोचला हो?” मी म्हणाले, “पाण्याच्या शिंतोड्यांतून.” त्यांनी मान डोलावली आणि स्वागतकक्षातल्या बाईंना बोलावून पुन्हा फवारा मारायचा नाही असे माझ्यासमोर बजावले. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.