तीन पोती

आश्विनातली दुपार. जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं, कोपरापर्यंत चिखल.

"काका, पोतं आहे का? तीन हवीत."

पोतं कुठलं असायला! आमचे गहू आता पाच किलोच्या प्लास्टिकच्या पिशवीत येतात. पण तीन कशाला? तर यंदा जिंजी करायचाय. तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ घरातल्या मुलानं हट्टच धरलाय. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांतले अकरा आपल्याकडचे आणि बारावा त्याच्याकडचा. तो त्याला सेंजी म्हणतो. बाकीच्यांचं राजगड ठरलं होतं, पण दगड आणि विटा सगळ्यात जास्त यानंच वाहून आणल्या, त्यामुळे त्याचं ऐकावं लागलं. जिंजी म्हणजे तीन डोंगर आणि त्यांना गुंफणारी तटबंदी. तीन डोंगर, तीन पोती.

आमच्या किल्ल्याला नावच नसायचं. वाड्याच्या मागच्या अंगणात पडलेले दगड, फुटक्या विटा, एक उलटी घमेली, असं सगळं रचायचं आणि त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं टाकायचं. ते पडेल तसे कडे. सुरकुती पडली की दरी, फुगा आला की बुरूज. सारखं करायला कुणी हात लावला की मोठी मुलं ओरडायची. किल्ला आम्ही करायचो असं उगाच म्हणतो, निम्मा पोत्यानं केलेला असायचा. मग कुणीतरी लांबून बघून "प्रतापगड वाटतोय" म्हणायचं आणि तेवढ्यावर प्रतापगड.

मी सगळ्यात लहान, म्हणून चिखल तुडवायला. बुरूज करणाऱ्यांचा मला हेवा वाटायचा, पण घोट्यापर्यंत गार चिखलात उभं राहण्याचं सुख त्यांना कुठलं! दवाखान्यातून पैदा केलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं, आरशाच्या तुकड्याचं तळं, दरवाजाहून थोराड वाघ, आणि मावळ्यांच्या रांगेत खुशाल उभी असलेली गवळण. तिला खाली गावात ठेवावं असं दरवर्षी ठरायचं, दरवर्षी ती वरच सापडायची.

आता तयार किल्ले मिळतात, प्लास्टरचे, रंगवलेले, पायऱ्यांसकट. मला ते बघवत नाहीत. कुणी गॅलरीत ठेवलेला दिसला की मी त्या घरी फराळालासुद्धा नाखुशीनं जातो. जातो अर्थात.

मुलांपुढे आणखी एक पेच होता. बाहुला सिंहासनावरच्या शिवाजीमहाराजांचा, आणि जिंजीला राहिले ते राजाराममहाराज. म्हटलं, बिनधास्त बसवा, जिंजी घेतला तो थोरल्या महाराजांनीच, १६७७ साली. पुढे मुघलांना तो घ्यायला जवळजवळ आठ वर्षं लागली हेही सांगितलं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "आम्हाला वसुबारसेपर्यंत संपवायचाय."

शेवटी माळ्यावरून जुनी गोधडी, एक सतरंजी आणि कधीकाळी मोलकरणीनं मागितलं असताना न दिलेलं ब्लँकेट काढून दिलं. ब्लँकेट चिखल पीत नाही, हे मला माहीत होतं. बोललो नाही.

"अळीव आहेत का?"

हे मात्र होते. मुलीच्या बाळंतपणात लाडवांसाठी आणलेले, डब्यात तळाशी मूठभर उरलेले. आमच्या किल्ल्यावर अळीव नेहमी उशिरा पेरले जायचे. दिवाळीभर किल्ला तपकिरीच, आणि हिरवा व्हायचा तो भाऊबीजेनंतर. पाहुणे गेलेले, मावळे आडवे झालेले, मोठी मुलं किल्ला विसरून क्रिकेटकडे वळलेली. मी एकटाच तांब्यानं पाणी शिंपडायचो. त्या हिरव्या किल्ल्याबद्दल मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

डबा मुलीच्या हातात दिला. आजच पेरा, म्हटलं.

"काका, हे जुने आहेत का? उगवतील ना?"

नात आता अडीच वर्षांची आहे. म्हणजे अळीव तेवढेच जुने.

"बघा पेरून," म्हटलं आणि पुन्हा आडवा झालो. झोप काही लागली नाही. खाली ब्लँकेटवरून वाद चाललेला ऐकू येत होता.